भांडण मोठ्यांचे, पोटदुखी लेकरांची

पोट दुखते म्हणून दवाखान्यात आणलेल्या शाळकरी मुलांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात काहीही सापडत नाही, हे मुले तपासणारा कोणताही डॉक्टर सांगेल. जंताचे औषध देऊन झालेले असते, लघवी तपासून झालेली असते, कोणी तर सोनोग्राफीही करून आणलेली असते. रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "नाटक करतंय." ते नाटक नसते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात डॉ. जॉन ॲप्ले यांनी सहकाऱ्यासह एक हजार शाळकरी मुले तपासली आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण दहातल्या एका मुलाचे पोट वारंवार दुखत होते आणि त्यातल्या फार थोड्यांत शरीराचा आजार सापडला. दुखणे खरे होते, कारण मात्र पोटाबाहेर होते. आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची ये-जा चालू असते. परीक्षेच्या सकाळी मोठ्या मुलांना दोनदोनदा संडासला पळावे लागते, तोच हा प्रकार.

अशा वेळी "कुठे दुखते?" पेक्षा "कधी दुखते?" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. शाळेच्या दिवशी सकाळी दुखते आणि रविवारी थांबते, म्हणजे शाळेत काहीतरी आहे. पण माझ्याकडे अशीही मुले येतात की त्यांचे सगळे उलटे असते. आठवडाभर ठीक, शनिवारी संध्याकाळी पोटात कळ, रविवारी उलटी, सोमवारी पुन्हा ठणठणीत. चौकशी केली की कळते, आई-वडील वेगळे राहतात आणि रविवार हा वडिलांच्या भेटीचा असतो.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायचे, पण ती मुळीच गंमत नाही. आई म्हणते, "डॉक्टरसाहेब, तिकडून आलं की असंच होतंय, काहीबाही खाऊ घालतात." चार दिवसांनी वडील वेगळे येऊन सांगतात, "माझ्याकडं यायच्या आधीच लेकराचं पोट दुखतंय, तिनं भरवून ठेवलेलं असतंय." दोघांनाही एकाच पोटदुखीत दुसऱ्याचा गुन्हा दिसतो. उद्या तीच पोटदुखी कोर्टात दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून मांडली जाते. मुलाला आईचाही त्रास नसतो आणि वडिलांचाही नसतो. त्याला त्रास होतो तो एका घरातून दुसऱ्या घरात जाताना, दोघे समोरासमोर येतात त्या पाच मिनिटांचा. ती पाच मिनिटे कशी जाणार, याची काळजी त्याला आदल्या दिवसापासून लागलेली असते.

(या लेखात ज्या मुलांविषयी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि इतर तपशील बदलले आहेत.)

आपल्याकडे घटस्फोट होत नाहीत?

परभणीत मी हा विषय काढला की जाणती मंडळी म्हणतात, ही पुण्या-मुंबईची दुखणी, आपल्याकडे कुठे इतके घटस्फोट होतात. कागदावर होत नाहीत, हे खरे. २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे साडेतेरा लाख होती, आणि 'विभक्त' म्हणून नोंदलेली सुमारे पस्तीस लाख. म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याशिवाय वेगळे राहणारे हे घटस्फोटितांच्या अडीचपट. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेड, कोणत्याही तालुक्यातल्या गावात विचारा. 'माहेरी बसलेली', 'नांदवत नाहीत', 'बोलणी चालू आहेत' या शब्दांत मोडणारी दोन-चार घरे प्रत्येक गावात निघतात. बोलणी सहा-सहा वर्षे चालू असतात. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तेव्हापासून या बायकांच्या घराचा, पोटगीचा, रेशनकार्डाचा प्रश्न निदान बोलला तरी जाऊ लागला. त्यांच्या लेकरांच्या मनाचा प्रश्न मात्र अजून कोणी फारसा मांडलेला नाही.

शिक्क्याशिवायच्या या वेगळेपणात मुलांचे हाल अधिक होतात, असे माझे मत आहे. कोर्टात गेलेल्या जोडप्याला निदान भेटीचा दिवस आणि वेळ ठरवून मिळते. इथे काहीच ठरलेले नसते. वडील कधी अचानक शाळेच्या फाटकावर उभे राहतात, कधी वर्षभर फिरकत नाहीत. कधी मामा भेटू देतो, कधी दारातून परत पाठवतो. मुलाला पुढचा रविवार कसा असेल हे ठाऊक नसते, आणि लहान जिवाला मारापेक्षाही अनिश्चितता जास्त खाते.

दोन दोऱ्या

मुलाचा जीव कोणाशी कसा जडतो, याचा अभ्यास गेल्या शतकात बराच झाला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, आईपासून तुटलेल्या लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, हे जगापुढे मांडले. त्यामुळे आईचे महत्त्व पटले, पण वडील बाजूला पडल्यासारखे झाले. पुढे १९६४ साली ग्लासगो शहरातल्या साठ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की दीड वर्षाचे होईपर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकापेक्षा अधिक माणसांशी जडलेला असतो आणि त्यात वडील असतातच. आजी, आजोबा, काका, आत्या अशा भरल्या घरात वाढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

याचा अर्थ इतकाच की मुलाच्या मनात आईची एक दोरी असते आणि वडिलांची एक. दोन्ही वेगवेगळ्या विणलेल्या असतात. नवरा-बायकोमधली दोरी तुटली तरी या दोन आपोआप तुटत नाहीत. त्या तुटतात तेव्हा बहुधा कोणीतरी ओढलेल्या असतात.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात जुडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या दोघी संशोधकांनी १९७१ पासून साठ विभक्त कुटुंबांतील एकशे एकतीस मुलांचा पाठपुरावा केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८० मध्ये आले. त्यांना असे आढळले की नऊ ते बारा वर्षांची मुले या भांडणात पक्षकार होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. या वयाच्या मुलाला खरे-खोटे, न्याय-अन्याय यांचे फार आकर्षण असते. मधले काही चालत नाही. एक जण देव आणि दुसरा राक्षस, अशी वाटणी ते करून टाकते.

माझ्याकडे असा एक अकरा वर्षांचा मुलगा डोकेदुखीसाठी आणला होता. हुशार, पहिल्या पाचात येणारा. वडिलांचे नाव काढले की त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. मी विचारले, "का रे, काय झालं?" तो म्हणाला, "त्यांनी आमच्या मम्मीचं स्त्रीधन हडप केलंय." अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'स्त्रीधन' हा शब्द कुठून आला? तो अर्जातून आला होता. रात्री दिवाणखान्यात वकिलांचे कागद वाचले जात आणि हा शेजारच्या खोलीत झोपल्याचे सोंग घेऊन ऐकत असे. मी त्याला विचारले, "तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे? तुला त्यांनी काय केलं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला सायकल शिकवली होती." आणि रडू लागला. डोकेदुखी कशाची होती, हे त्यानंतर तपासायची गरज राहिली नाही. चष्म्याचा नंबर मात्र तपासून घेतला, तो व्हायलाच हवा होता.

वयाप्रमाणे दुखणे बदलते

तीन वर्षांच्या आतल्या बाळाला भांडणाचा अर्थ कळत नाही, आवाज कळतो. ते चिकट होते, कडेवरून उतरत नाही, रात्री दचकून उठते, खाणे कमी करते. अशा बाळाला महिन्यातून एकदा आठ दिवस वडिलांकडे पाठवण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा तास-दोन तास भेटवणे बरे. त्याची आठवण लहान असते आणि भेटीतले अंतरही लहानच हवे.

चार ते सहा वर्षांचे मूल सगळ्याचा दोष स्वतःकडे घेते. चार वर्षांच्या एका मुलाला अशी पक्की खात्री होती की त्याने मोबाईल पाण्याच्या हौदात टाकला म्हणून पप्पा निघून गेले. हे त्याने आईला सांगितले नव्हते, आजीला नव्हते. औषधाच्या बाटलीच्या खोक्याशी खेळता खेळता मला सांगितले. या वयात मूल मागे सरकते. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, बोबडे बोलते, अंगठा चोखते. त्याला एकदा सांगून भागत नाही. तुझ्यामुळे काही झालेले नाही, हे दोघांनीही, जमेल तितक्या वेळा, साध्या शब्दांत सांगावे लागते.

सहा ते आठ वर्षांचे मूल उघड दुःखी असते. समेट होईल, दिवाळीला दोघे एकत्र येतील, अशी आशा ते फार दिवस धरून बसते. मी आजारी पडलो की दोघे दवाखान्यात येतात, हे त्याच्या लक्षात आले तर आजारपण लांबते. यात लबाडी नसते.

नऊ ते बाराचे वर सांगितले. तेरा-चौदाच्या पुढची मुले अंग काढून घेतात. मित्र, मोबाईल, बाहेर राहणे, कधी तंबाखू-गुटखा. काही मुली मात्र वयाआधी बाई होतात. आईची मैत्रीण, वकील आणि राखणदार या तिन्ही भूमिका त्या करतात आणि दहावीत मार्क घसरले की सगळ्यांना आश्चर्य वाटते.

किशोरवयीन मुलांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडिलांच्या मध्ये आपण सापडलो आहोत अशी भावना कोणत्या मुलांत अधिक आहे, हे त्यात तपासले होते. ज्यांचे आई-वडील वेगळे झाल्यावरही एकमेकांशी वैर धरून होते, त्यांच्या मुलांत ती अधिक होती, आणि त्याच मुलांत उदासी आणि वाईट वागणे जास्त होते. त्याच वर्षी ब्याण्णव अभ्यासांचा एकत्रित आढावाही आला. एका घरात राहून सतत भांडणाऱ्या आई-बापांची मुले ही शांतपणे वेगळ्या झालेल्यांच्या मुलांपेक्षा बरी असतात, असे त्यातही दिसले नाही. "लेकरांसाठी तरी एकत्र राहा" असे म्हणणाऱ्या पंचमंडळींनी याची दखल घ्यावी.

ओढाओढीची हत्यारे

मूल कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तरी त्याला जखम होते, ती अशी.

निरोप्या करणे हे पहिले. "बापाला सांग, फीचे पैसे दे." हे वाक्य आठ वर्षांच्या मुलीने भर बस स्टँडवर वडिलांना सांगायचे असते. वडील चिडतात, ते तिच्यावर नसते, पण समोर तीच असते. हेरगिरी हे दुसरे. परत आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आत प्रश्न सुरू होतात. तिथे कोण होते, काय बोलत होते, नवीन गाडी घेतली का, ती बाई आली होती का. मूल दोन-तीन वेळा खरे सांगते, त्यातून भांडण उभे राहते, मग ते खोटे बोलायला शिकते. दोन्ही घरांत दोन वेगळ्या कथा सांगायच्या म्हणजे मोठ्या माणसाचाही घाम निघेल.

भेटवस्तू हेही हत्यारच. फेब्रुवारीतल्या उरसात वडील लेकराला जे मागेल ते घेऊन देतात, आणि घरी आले की आई ते खेळणे माळ्यावर टाकते. मुलाला खेळण्याचे दुःख असतेच, पण आनंद झाला हे दाखवायची चोरी झाली, हे दुःख मोठे.

आणि आपल्याकडचे खास हत्यार म्हणजे कागद. शाळेची टी.सी., जन्माचा दाखला, जातीच्या दाखल्यासाठी लागणारे वडिलांकडचे जुने पुरावे, आधार कार्ड. ते एका बाजूने दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला हेलपाटे घालायला लावायचे. शिष्यवृत्ती हुकते, वसतिगृहाचा प्रवेश हुकतो. शिक्षा बायकोला द्यायची असते, भोगते लेकरू. मोठे झाल्यावर त्याला हे कळते, आणि ते विसरत नाही. एक मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे, असा नियम महाराष्ट्रात आला आहे. त्याने निदान आई कागदावर दिसेल. कपाटात दाबलेले कागद त्याने बाहेर येणार नाहीत.

मूल भेटायला नको म्हणते तेव्हा

सर्वांत अवघड प्रश्न हा. वडील म्हणतात, तिने पोरगं फितवलं. आई म्हणते, त्याला स्वतःलाच जायचं नाही. खरे काय?

१९८५ मध्ये रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने अशा फितवलेल्या मुलांच्या अवस्थेला एका 'सिंड्रोम'चे नाव दिले. ते नाव कोर्टकचेऱ्यांत फार गाजले. पण वैद्यकशास्त्राने तो आजार म्हणून स्वीकारलेला नाही. अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या २०१३ च्या सूचीत तो घेतला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीच्या शब्दकोशात ती संज्ञा शिरली होती, ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी असा इशारा दिला की मारहाण करणारे पती या नावाची ढाल करून मुलांचा ताबा मिळवतात. दुसऱ्या बाजूला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मधल्या एका निकालात या कल्पनेची चर्चा केली. त्या खटल्यातली मुलगी लहानपणापासून वडिलांकडे वाढली होती आणि तिथेच राहायचे म्हणत होती. न्यायालय म्हणाले, ती आईजवळ राहिलीच नाही, तर तुलना कशाच्या आधारावर करणार? आणि तिला काही काळ आईकडे देण्यात आले. म्हणजे फितवणे ही एकट्या बायकांची खोड आहे असेही नाही.

नावाच्या वादात न पडता मी दोन गोष्टी पाहतो. ज्या मुलाने खरोखर मार पाहिला आहे, दारू पिऊन आलेला बाप दारावर लाथा मारताना ऐकला आहे, ते मूल प्रसंग सांगते. कुठे, कधी, अंगावर काय होते, आजी काय म्हणाली. त्याची भीती डोळ्यांत दिसते, आणि तरीही बऱ्याचदा ते "पण कधी कधी चांगले वागतात" असेही म्हणते. पढवलेले मूल ठराव वाचून दाखवते. प्रसंग विचारला की अडखळते. एका बाजूबद्दल त्याच्याकडे एकही चांगला शब्द नसतो आणि दुसऱ्या बाजूबद्दल एकही वाईट शब्द नसतो. ही काही रक्ताची तपासणी नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, आणि एका भेटीत निर्णय देणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नये, मी असलो तरी. पण जिथे मारहाण, दारू किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय आहे तिथे आधी मुलाची सुरक्षा, भेट नंतर, आणि तीही कोणाच्या तरी देखरेखीखाली. तिथे "दोघांचंही प्रेम हवं" हा उपदेश चालत नाही.

कायद्याबद्दलच्या चार समजुती

हा आरोग्याचा स्तंभ, वकिली माझे काम नव्हे. पण काही चुकीच्या समजुती मुलांच्या जिवावर येतात, म्हणून लिहितो.

"सात वर्षांनंतर पोरगा बापाचा" असे गावोगाव ऐकू येते. हनफी मुस्लिम परंपरेत मुलाबाबत सात वर्षांची मर्यादा सांगितली आहे खरी. हिंदू कायद्यात तसे काही नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात इतकेच आहे की पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. त्यापुढे कोणाकडे, हे मुलाचे हित पाहून ठरते. धर्म कोणताही असो, कोर्टासमोर गेलेल्या प्रकरणात मुलाचे हित हाच मुख्य विचार असतो. पुरेशी समज असलेल्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते, पण अमुक वर्षांचा झाला की त्याने निवडायचे, असे वय कायद्यात लिहिलेले नाही. मुलाला "कोर्टात कोणाचं नाव घेशील?" असे विचारणे बंद करावे.

वडील जिवंत असताना आई पालक होऊच शकत नाही, ही दुसरी समजूत. १९७० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका शेतजमिनीच्या वादात सांगितले होते की वडील वर्षानुवर्षे लक्षच देत नसतील आणि आईच अज्ञान मुलीचे सगळे पाहत असेल, तर आईच तिची नैसर्गिक पालक. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात हे अधिक स्पष्ट झाले.

तिसरी समजूत अशी की पोटगी दिली नाही तर भेट नाही, आणि भेट नाही तर पोटगी नाही. हा व्यवहार मोठ्यांनी जोडलेला आहे. मुलाच्या जेवणाचा आणि मुलाच्या भेटीचा हक्क वेगवेगळे आहेत आणि दोन्ही मुलाचे आहेत. एकाची वसुली दुसऱ्यातून करता येत नाही. आणि चौथी, भेट म्हणजे समोरासमोरच. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन आणि व्हिडिओ कॉलवरच्या संपर्कालाही महत्त्व दिले आहे. कोरोनाच्या काळात त्याचा उपयोग सगळ्यांनाच कळला.

जमेल तसे करण्याजोगे

मुलाची देवाणघेवाण करण्याची जागा बदला, हा माझा पहिला सल्ला असतो. पोलीस ठाणे नको, कोर्टाचा व्हरांडा शक्यतो नको, घराचा उंबरठा तर मुळीच नको, कारण तिथे जुने भांडण उभे असते. शाळा चांगली. शनिवारी शाळेतून एकाने न्यावे आणि सोमवारी शाळेतच सोडावे, म्हणजे दोघे समोरासमोर येतच नाहीत. ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंना मान असलेली एखादी मावशी, शिक्षक, शेजारी यांचे घर चालते. परभणीत राजगोपालाचारी उद्यानासारखी बाग चालते. वर सांगितलेल्या शनिवारच्या पोटदुखीच्या एका मुलाला मी औषध काहीच दिले नाही. आजोबांनी त्याला नेऊन सोडायचे आणि आजोबांनीच आणायचे, एवढे ठरले. दीड महिन्यात दुखणे थांबले. सगळ्यांचे इतक्या लवकर थांबत नाही.

भेटीचे वेळापत्रक आपल्या जिल्ह्यातल्या कामाप्रमाणे हवे. पहिला आणि तिसरा रविवार हे नोकरदाराला ठीक. पण वडील कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या फडावर असतील तर त्या रविवारांना अर्थ नाही, आणि "आलाच नाही" असा शिक्का मात्र बसतो. अशा घरांत हंगामात आठवड्याला दोन ठरलेले फोन आणि परतल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग दिवस, असे लिहून घ्यावे. सणांचेही आधीच ठरवा. पोळा इकडे तर दिवाळी तिकडे, पुढच्या वर्षी उलट. भाऊबीज-राखीला भावंडे एकत्र येतील असे पाहा. आई-वडील भावंडांची वाटणी करतात, मुलगा तुझा आणि मुलगी माझी, हे मला सर्वांत क्रूर वाटते.

ठरलेली वेळ पाळावी. येतो म्हणून न येणारा बाप आणि पाठवते म्हणून न पाठवणारी आई, दोघेही मुलाला सारखेच शिकवतात. खिडकीत तयार होऊन बसलेले मूल दोन तास बसते, आणि त्या दिवसाचे जेवण त्याला जात नाही. येणे जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवावे, आणि मुलाला ते स्वतः सांगावे.

परत आलेल्या मुलाला पहिला तासभर काही विचारू नये. जेवू द्या, खेळू द्या. दोन घरांमधला रस्ता परभणी ते मानवत इतकाच असला तरी मनाने ते लांबून आलेले असते. ते चिडचिड करेल, उगीच रडेल. तो दुसऱ्या घरातल्या छळाचा पुरावा नसतो, थकवा असतो.

आजी-आजोबांना एक विनंती. तुमचा राग समजतो. पोरीचे किंवा पोराचे वाटोळे झाले, असे तुम्हाला वाटते. पण "अगदी बापावर गेलंय" हे वाक्य घरात बंद करा. ते मूल अर्धे बापाचे आहे, त्याला ते माहीत आहे. तुम्ही बापाला शिवी दिली की ते स्वतःच्या अर्ध्या अंगाला लागलेली शिवी म्हणून घेते. वर्गशिक्षकांना मात्र परिस्थितीची कल्पना द्यावी. लपवण्यात काही फायदा नाही, गावाला ठाऊक असतेच.

डॉक्टरांकडे कधी यावे

सगळे मनाचे समजून घरी बसू नये. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, शौचातून रक्त किंवा उलटीतून हिरवे-पिवळे पडत असेल, दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला ठरावीक जागी असेल, तर ताबडतोब तपासावे. बेंबीभोवतीचे दुखणे बहुधा निरुपद्रवी असते आणि बेंबीपासून जितके दूर तितका आजाराचा संशय अधिक, हा डॉ. ॲप्ले यांचाच नियम. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर आधी लघवी आणि रक्तातली साखर तपासावी. त्यात जंतुसंसर्ग किंवा मधुमेह निघू शकतो, आणि सगळे खापर भांडणावर फोडले तर तो राहून जातो.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, मित्रांत मिसळत नसेल, शाळेला जायलाच तयार नसेल, किंवा मरणाची, घर सोडून जाण्याची भाषा करत असेल तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मुलाला धोका असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. भेटीचे किंवा ताब्याचे लिहून घ्यायचे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. दवाखान्यात येताना शक्य असेल तर आई-वडिलांनी वेगवेगळ्या दिवशी यावे, आणि मुलाला दोन मिनिटे माझ्याजवळ एकटे बसू द्यावे.